चिमाबाईच्या रानातले आकडे

आळेफाट्याच्या स्टँडवरून त्या सकाळी आपण दोघं भाऊ निघालो. इम्रान, तू मुंबईच्या गाडीला, तिथून दुबईला. मी वळकटी घेऊन मंचरच्या गाडीला, तिथून घोडेगाव आणि पुढं डोंगरात. अम्मी तुझ्या गळ्यात पडून रडली आणि मला म्हणाली, "तू तर काय, हितंच हायेस." अब्बा गॅरेजमधून रंगाच्या हातांनीच आले होते. म्हणाले, "शिकून लोक शहरात जात्यात, तू रानात चाललास राव!"

हितंच कुठलं? घोडेगाव सोडून गाडी वर चढली की ऊस संपतो, मग रेंज संपते. तुला तिकडं निदान बिर्याणी मिळते. मला पहिले दोन महिने वरईचा भात घशाखाली उतरेना. ट्रकच्या हॉर्नशिवाय करमत नाही हे कुणाला सांगायचीही लाज वाटायची.

आमच्या संस्थेचं काम सोपं आहे. इथलं बरंचसं रान लोकांच्या मालकीचं. ठेकेदार येतो, उभी झाडं घेतो आणि कोळसा करून नेतो. आम्ही मालकाशी पंधरा वर्षांचा करार करतो. झाडं तोडायची नाहीत, बदल्यात संस्था दरवर्षी मोबदला देते. त्याआधी झाडं मोजावी लागतात.

चिमाबाईचं रान मी मोजलं. म्हातारी सत्तरीची, हिरडा गोळा करून जगलेली. मोजायला तिनं होकार दिला होता, रंगाचं मात्र मी तिला बोललोच नव्हतो. मी हौसेनं अब्बांच्याच ब्रशनं प्रत्येक खोडावर लाल आकडा काढला. पेंटरचा पोरगा मी, आकडेही झकास आले. पण या डोंगरात खोडावर लाल रंग दिसला की झाड विकलं गेलं, दुसरा अर्थच नाही. ठेकेदार तसाच रंग मारून जातो. माझ्या डिग्रीत हे कुणी शिकवलं नव्हतं.

चिमाबाईला वाटलं, घोडेगावला हॉटेलात काम करणाऱ्या तिच्या मुलानं, बबननं, परस्पर रान विकलं. रविवारी तो आला तर तिनं दार लावून घेतलं. "माझ्या दारात उभा ऱ्हाऊ नगस," हे सगळ्या वाडीनं ऐकलं. बबन शपथा घेत होता. मी समोर उभा, आणि काय झालंय ते कळायला मला तेवढा वेळ लागला. कळलं तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी सगळ्यांदेखत ओरडून सांगितलं, रंग माझा आहे. दार उघडलं. चिमाबाईनं बबनच्या पाठीवर एक धपाटा घातला आणि ती रडू लागली. मला म्हणाली, "आरं पोरा, मानसं नंबरावर मोजत्यात व्हय? नाव इचारायचं व्हतंस." दुसऱ्या दिवसापासून बबन आणि मी तारेच्या ब्रशनं खोडं घासली. ती शेजारी बसून सांगत गेली: हा वाकडा आंबा, हा सवतीचा हिरडा, ही सासऱ्यानं लावलेली जांभळ. मी वहीत आकड्यांऐवजी नावं लिहिली. हेडऑफिस कुरकुरलं, पण वही चालली.

आता खरं सांगतो, त्यासाठीच लिहायला बसलोय. पुण्याच्या कंपनीतली नोकरी ठरल्याचं मी घरी फोनवर सांगितलं होतं. अब्बांनी गॅरेजमध्ये पेढे वाटले, हे मला समजलंय. पण परवा करारावर अंगठा देण्याआधी चिमाबाई थांबली. "कागुद घिऊन लई येत्यात, परत कुनी फिरकत न्हाई. तू ऱ्हानार का?"

मला हो म्हणायचं नव्हतं. पुण्याच्या खोलीचं भाडंसुद्धा विचारून ठेवलं होतं. तरी तोंडातून हो गेलं, आणि गेल्यावर इतकं हलकं वाटलं की मला हसूच आलं. अब्बा रागावले तर रागावू देत, पण मी इथं खूश आहे. त्यांच्या पेढ्यांची मात्र मला खरंच लाज वाटते.

तिनं अंगठा उमटवला. साक्षीदार म्हणून मी सही केली. खाली पत्त्याची ओळ होती. सवयीनं 'आळेफाटा' लिहायला घेतलं आणि दोन अक्षरांवर थांबलो. चिमाबाईला वाचता येत नाही, मी काय लिहितो ते तिला कळणार नव्हतं. मी ते खोडलं आणि या वाडीचं नाव लिहिलं.