कूलर नसलेलं वसतिगृह

कुठल्याही इमारतीत शिरली, की ती आधी पश्चिमेच्या भिंतीला हाताची मागची बाजू लावायची. आजारी पोराच्या कपाळाला आई लावते तशी. मग म्हणायची, "हिला ताप आहे." क्वचित कधी, "ही बरी आहे." यजमान नुसते भिंतीकडे पाहत राहायचे.

ती वास्तुविशारद होती. घर पाचोऱ्याचं, काम जळगाव आणि धुळ्यात. तिची-माझी ओळख बातमीच्या निमित्ताने झाली. धुळ्याजवळ, सोनगीरच्या वाटेवर, एका संस्थेचं मुलींचं वसतिगृह ती बांधत होती. मी बातमीत त्याला 'हरित इमारत' म्हटलं होतं. सकाळीच तिचा फोन आला.

"हरित लिहू नका हो. लोक कुंड्या मोजायला येतात."

तक्रार खोटी नव्हती. संस्थेच्या अध्यक्षांना सगळे नाना म्हणत. त्यांनी पहिल्याच बैठकीत विचारलं होतं, "मॅडम, रंग हिरवाच लागतो, की पोपटी चालेल?"

"पांढरा, नाना. गच्चीला तर पांढराच."

तिचं म्हणणं साधं होतं. खानदेशातलं ऊन टळत नाही, पण त्याला दाराबाहेर थांबवता येतं. म्हणून जिने, कोठार आणि न्हाणीघरं पश्चिमेला, मुलींच्या खोल्या उत्तरेला. गच्चीवर ऊन परतवायला पांढऱ्या टाइल्सचे तुकडे. अंघोळीचं पाणी वाळूखडीतून आणि कर्दळीच्या वाफ्यातून गाळून, वेगळ्या पाइपाने शौचालयांच्या टाकीत. खोल्यांना पंखे होते, कूलर नव्हते.

"कूलर म्हणजे वीजही पिणारा आणि पाणीही पिणारा पाहुणा," ती म्हणे. "एकदा आला की मृग लागेपर्यंत हलत नाही."

वैशाखात कूलरशिवाय राहता येतं असं म्हणणाऱ्याकडे इकडची माणसं कसं पाहतात, ते इकडच्या वाचकांना सांगायला नको. नानांनीही तसंच पाहिलं आणि अट घातली. "पहिला उन्हाळा पाहू. नाही जमलं तर खिडक्यांना कूलर, आणि तुमचा तो दुसरा पाइप बंद."

पहिला उन्हाळा आला. खोल्या गार राहिल्या, पाणी मात्र पुरेना. सकाळी टाकी भरायची आणि रात्री तळ दिसायचा. टँकर मागवावा लागला, मग पुन्हा मागवावा लागला.

"मॅडम," नाना म्हणाले, "तुमची इमारत पाणी वाचवते की पिते?"

सगळ्यांचा संशय एकच होता: दुसरा पाइप फरशीखाली कुठेतरी गळतोय. न्हाणीघरं फोडायचं ठरलं. एकदा फरशी फुटली की तो पाइप पुन्हा कोणी जोडू देणार नाही, हे तिला कळत होतं. आणि त्यानंतर या दोन जिल्ह्यांत अशी दुसरी इमारत तिला कोणी दिली नसती.

ती वसतिगृहातच मुक्कामाला आली. पाइपात रंगीत पाणी सोडून पाहिलं. रात्र होईपर्यंत न्हाणीघरांत बसून एकेक नळ तपासला. मग एकेका मुलीला तोच प्रश्न विचारला, "पाणी कुठे कुठे वापरता?" अंघोळ, कपडे, भांडी, पिणं. रेक्टर असलेल्या अक्का सोनगीरच्या, मुलींना त्यांचा धाक. त्यांना प्रश्नाचा रागच आला. "मन्या पोरी तांब्याभर पानी बी वाया घालतस नही."

गवंडी दुसऱ्या दिवशी सकाळी यायचा होता. आदल्या संध्याकाळी मी बातमीसाठी गेलो. ती बाहेर पायरीवर बसली होती, डोळे ओढलेले. पुढे काय करणार, असं मी विचारलं. "माहीत नाही," ती म्हणाली. तिच्याकडून हे उत्तर मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

दिवेलागण झाली आणि आमच्या मागे गच्चीच्या पन्हाळातून पाणी पडायला लागलं. आकाशात ढग नव्हता.

तिने पन्हाळाकडे पाहिलं. मग जिन्याने धावत वर गेली.

वर काही मुली नळी धरून होत्या, काही बादल्या ओतत होत्या. मध्ये अक्का पदर खोचून उभ्या. कठड्याला लागून मुलींच्या वळकट्या.

"अक्का, पाणी कुठे कुठे वापरता, असं विचारलं होतं ना मी?"

"मंग?"

"मग हे काय?"

अक्का खरोखरच गोंधळल्या. "हाई काय वापर शे का, पोरी? हाई ते गच्ची शे!"

खोटं कोणीच बोललं नव्हतं. उन्हाळ्यात दिवेलागणीला गच्चीवर पाणी मारायचं, ही इकडची रीत. देवापुढच्या दिव्याचं तेल जसं कोणी स्वयंपाकात धरत नाही, तसं हे पाणी कोणी वापरात धरत नाही.

तिने अक्कांचा हात धरून अजून कोरड्या असलेल्या कोपऱ्यातल्या टाइल्सवर टेकवला. अक्कांनी तो बराच वेळ काढला नाही. "थंडी शे," त्या म्हणाल्या. मग चिडून, "मंग आधी सांगता येस नही का?"

तिने तिथूनच नानांना फोन लावला. "नाना, गवंड्याला येऊ नको म्हणा. गळती नाही."

"मग पाणी जातं कुठे?"

"गच्चीवर."

"गच्ची गळते?"

"गच्ची गळत नाही, नाना. अक्का ओततात."

"गच्चीवर तर आम्हीही मारतो रोज," ते म्हणाले. "त्यात काय?"

त्यानंतर टाकीत पाणी रात्रीही उरू लागलं. टँकर थांबला. पाइप राहिला, खिडक्याही मोकळ्या राहिल्या. तिला पुढची कामं मिळाली, त्यातल्याच एकासाठी ती दुसऱ्या राज्यात गेली आणि तिकडेच राहिली. तिकडच्या तिच्या इमारती मी पाहिलेल्या नाहीत.

त्या संध्याकाळी फोन ठेवून ती एका वळकटीला टेकून बसली आणि हसत सुटली. मुलीही हसल्या. मला बातमीसाठी अजून काही विचारायचं होतं. वही उघडून मी जवळ गेलो, तर अक्कांनी तिच्याकडे पाहत ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोला, भाऊ. पोर झोपी गयी."

खाली जेवणाची घंटा झाली. मुली चपला हातात घेऊन जिना उतरल्या.