रडायच्या पाळ्या

दुष्काळाच्या त्या वर्षी मी केजहून एसटीने अंबाजोगाईच्या दूध संघात नोकरीला जायचो. दर सोमवारी एक जोडपं पाच वर्षांच्या लेकीला घेऊन चढायचं. तिला रक्ताचा कॅन्सर होता, अंबाजोगाईच्या दवाखान्यात उपचार चालू होते. बाप गावोगाव पाण्याचा टँकर चालवायचा. गाडी सुटताना तिघं डोळे मिटून येशूची प्रार्थना करत. पोरगी टोपी सावरत एवढ्या मोठ्यानं ‘आमेन’ म्हणायची, की कंडक्टर ते ऐकूनच बेल द्यायचा.

मग बाप कधी शेळी, कधी फौजदार होऊन तिला हसवायचा. आई मागच्या सीटवर पदराआड रडायची. एका सोमवारी पाहतो, तर आईच नकला करतेय आणि मागं तो रुमालात तोंड खुपसून बसलाय.

"पोरीला जास्त झालंय का?" मी घाबरून बापाला विचारलं.

"न्हाई ओ साहेब. आमी पाळ्या लावल्यात. तिच्यापुढं दोघांनी संगं रडायचं न्हाई."

दोन वर्षांनी उपचार संपवून परतताना ते भेटले. पोरीचे केस दाट आले होते. नवरा-बायको एकाच सीटवर बसून खुशाल रडत होते, आणि मधे बसलेली पोरगी दोघांना दटावत होती, "गप बसा की, लोकं बघायलेत!"