डालड्याच्या डब्यातला गोल्फ

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावरचे ते गृहस्थ दुधाच्या रांगेतही कुजबुजल्यासारखे बोलत, जणू शेजारी कोणी गोल्फचा चेंडू मारायच्या बेतात आहे. घरी एकटेच. १९९०च्या सुमारास डोंबिवलीत गोल्फ खेळणारे आमच्या माहितीतले ते एकमेव. ऑफिसातल्या साहेबाने दिलेली एक जुनी काठी आणि इमारतीमागच्या मोकळ्या प्लॉटमध्ये पुरलेला डालड्याचा डबा, एवढ्यावर त्यांचं भागायचं.

रविवारी सोसायटीतली पोरं गोळा करून ते परदेशातल्या मोठमोठ्या व्यावसायिक खेळाडूंच्या गोष्टी सांगत. कोण किती जिंकला हे त्यात नसायचंच. "चुकून धक्का लागून चेंडू हलला ना, की तो खेळाडू स्वतःच सांगतो. कोणी बघितलेलं नसलं तरी," ते म्हणायचे. "आणि खेळ संपला की टोपी काढून समोरच्याशी हात मिळवायचा. हरलात तरी."

हात मिळवायला पोरांना आवडायचं. आपला नंबर येईपर्यंत गप्प उभं राहणं मात्र जमायचं नाही. "काका, आमची मॅच आहे," म्हणत एका रविवारी ती एकेक करून पलीकडे क्रिकेटला गेली. "जा की. नीट खेळा," ते म्हणाले.

पुढच्या रविवारी मी गॅलरीत कपडे वाळत घालत होतो. खाली ते एकटेच खेळत होते. पलीकडे आउट की नॉटआउट यावरून आरडाओरडा चाललेला. शेवटचा चेंडू डब्यात पडला. त्यांनी सवयीने टोपी काढली, हात पुढे केला. तो क्षणभर तसाच राहिला. मग खाली वाकून त्यांनी त्याच हाताने डब्यातला चेंडू काढला.