चाळांचं फडकं

पडदा पडला. रिवाजाप्रमाणे मी वाकून रंगमंचाला हात लावला आणि तो कपाळाला लावला. बोटं ओली लागली. वास आला. गोमूत्राचा.

मागे वळून पाहिलं. थिएटरचा एक माणूस तांब्यात डहाळी बुडवून शिंपडत येत होता. आम्ही बायका अजून तिथेच उभ्या. पायांत चाळ, अंगावर घाम. तो पुढे येईल तशा आम्ही मागे सरकत होतो. झुरळांवर औषध मारतात ना, तसं.

दुपारी आमची लावणी होती, संध्याकाळी शास्त्रीय गाणं. व्यवस्थापक विंगेत उभे होते, कडक इस्त्रीच्या झब्ब्यात. म्हणाले, "अहो, मनाला काय लावून घेताय? पद्धत आहे इथली. एरवी तुम्ही गेल्यावर करतो, आज वेळ कमी."

"नाटकानंतरही शिंपडता?"

"नाटक वेगळं."

पुण्यात या थिएटरचा केवढा तोरा! इथे तिसरी घंटा ऐकल्याशिवाय म्हणे माणूस नट होत नाही. प्रवेशदालनात ओळीने थोरामोठ्यांचे फोटो. पण नाटकांपुढे खुर्च्या रिकाम्या राहायच्या तेव्हा 'हाउसफुल्ल'ची पाटी आमच्या लावणीने लावली. माझी आई याच रंगमंचावर नाचली. तिचा फोटो नाही.

प्रयोग संपला की आई चाळ सोडायची, जुन्या लुगड्याच्या फडक्यात घट्ट गुंडाळायची आणि मला घेऊन मागच्या दाराने निघायची. मला वाटायचं, चाळांना थंडी वाजते. त्या दिवशी हाताला तो वास आला आणि कळलं. पुढच्या दालनात आवाज जाऊ नये म्हणून ते फडकं होतं. आयुष्यभर आईने स्वतःचाच आवाज गुंडाळून नेला. मला रडू नाही आलं. संताप आला.

मुली चाळ सोडायला बसल्या होत्या. मी म्हटलं, "सोडू नका. पुढच्या दाराने जायचं."

आमच्यातली धाकटी, धायरीची पोर, पुटपुटली, "ताई, तारीख जाईल. मग खायचं काय?"

खरं होतं तिचं. इथली तारीख म्हणजे आमची चूल. तरी निघालो. फोटोंसमोरून, गाण्याला आलेल्या गर्दीतून, छमछम करत. गर्दीतल्या एकीने पदर आवरून घेतला. मागून व्यवस्थापकांचा आवाज आला, अगदी शांत.

"तारखा मी देतो, बाई. लक्षात असू द्या."

त्यांच्या लक्षात राहिलं. तेव्हापासून आम्हाला तारीख नाही. कधी दुरुस्ती, कधी आवाजाची तक्रार. धाकटी आता लोकांकडे धुणीभांडी करते. आणि आता ही इमारतच पाडणार आहेत. नव्या आराखड्यात नाटकाला सभागृह आहे, गाण्याला सभागृह आहे. लावणीला पार्किंगमागे उघडा कट्टा.

परवा व्यवस्थापकांचा फोन आला. "जुन्या वास्तूच्या निरोपाला लोककलेची झलक हवीये. आपण याच. नव्या इमारतीत कोण असेल, ते आत्ताच ठरतंय."

"येते," मी म्हटलं.

जाणार आहे. चाळ घरूनच बांधून, पुढच्या दाराने. आईचं फडकं आता माझ्या उंबऱ्यात पायपुसणं आहे. नाचून झालं की रंगमंचाला हात लावीन आणि पडदा जिथे टेकतो त्याच्या पुढे, प्रेक्षकांच्या बाजूला जाऊन उभी राहीन. तांब्या येणार, मला माहीत आहे. शिंपडायचं तर आता माझ्या तोंडावर शिंपडा. भरल्या थिएटरसमोर. पडद्याआड मी जाणार नाही.