हिरव्या दाराची गल्ली

आधीच सांगून टाकते, भूतबित मी मानत नाही. राजगडाखालच्या पाली गावची आहे मी. भुतांच्या गोष्टी आमच्याकडे ट्रेकला येणाऱ्या शहरी पोरांची टरकवायला ठेवलेल्या असतात, आणि त्यात माझे वडील, आबा, एकदम पटाईत. शेती सांभाळून गडावर वाट दाखवायला जायचे. आवडता विषय चकवा... माणूस चालत राहतो आणि फिरून फिरून तिथंच येतो. मी लहानपणापासून खो खो हसायचे.

"हास, हास," आबा म्हणायचे. "पर ध्येनात ठेव. चकवा लागला तर घरच्या माणसाला हाक मारायची. ते येतंय न्यायला. आन वाट घावली की त्याला म्हनायचं, 'जावा आता घरी.' न्हाई म्हनलं तर ते तिथंच ऱ्हातंय."

मी पुण्यात आर्किटेक्चर शिकते. मागच्या हिवाळ्यात प्रागला तीन आठवड्यांचा कोर्स केला, जुन्या दगडी इमारती जपण्याचा. हॉस्टेलपासून क्लास पायी दहा मिनिटांवर. रोजची वाट, चुकायचा प्रश्नच नव्हता.

शेवटच्या दिवशी सकाळी प्रेझेंटेशनला निघाले. धुकं असं, की समोरचं माणूस दिसू नये. फरसबंद रस्त्यावर बर्फाचा पातळ थर. एका चढाच्या गल्लीत हिरवं दार लागलं, वर लोखंडी मासा टांगलेला. हे रोज कसं दिसलं नाही, असं वाटलं खरं. पुढे गेले, डावीकडे वळले... परत हिरवं दार, परत मासा. म्हटलं, असतील बाई दोन मासे! उजवीकडे वळले. तोच मासा. मोबाईल थंडीनं बंद पडलेला. दारं ठोठावली, ओरडले, एक खिडकी उघडेना. खाली बघितलं तर बर्फात फक्त माझीच पावलं, एकावर एक उमटलेली.

तेव्हा मात्र मी पळायलाच लागले. सरळ जावं तरी तिथंच, मागं फिरावं तरी तिथंच. बोटं बधिर झाली, मग पाय. आपण इथंच गारठून मरणार आणि घरी कुणाला कळणारही नाही, असं वाटून मी चक्क भोकाड पसरलं. आणि शेताच्या बांधावरून मारावी तशी हाक मारली — "आबाऽऽ!"

टक्... टक्... दगडावर काठी टेकल्याचा आवाज आला. आबांच्या काठीला खाली लोखंड बसवलंय, तो आवाज मी झोपेतही ओळखेन. तंबाखूचा वासही आला. धुक्यात दिसत कुणीच नव्हतं. मी मुकाट आवाजाच्या मागं निघाले. एक वळण, दुसरं, आणि एकदम ट्रामची घंटा! मोठा रस्ता! मी जी पळत सुटले ती थेट क्लासात. 'जावा आता घरी' वगैरे कुणाच्या ध्यानात राहतंय!

संध्याकाळी घरी फोन लावला. दादा म्हणाला, "शुभे, आबांना आज चकवा लागला."

मी हसले. दादा हसला नाही. तिथली सकाळ म्हणजे इथली दुपार... भर उन्हात, गडाच्या पाली दरवाजाच्या वाटेवर, जी ते डोळे झाकून उतरतील, आबा एकाच दगडाभोवती फिरत होते. ट्रेकच्या पोरांनी धरून खाली आणलं. हातपाय बर्फासारखे गार पडले होते.

मी परत आले तेव्हा नसरापूर फाट्यावर दादा टेम्पो घेऊन उभा होता. एरवी आबा येतात. आता त्यांना घरातून गोठ्यात जायची वाट सापडत नाही. डॉक्टर म्हणाले, वय झालंय. मलाही पटलं असतं. पण एका दुपारी अंगणात उन्हाला बसवलं होतं, तर घोंगडी ओढून घेत म्हणाले, "शुभे, त्या हिरव्या दारावरचा मासा लोखंडाचा हाय का गं? लई गारठाय हितं."

माशाचं मी कुणालाही सांगितलं नव्हतं. कुणालाही!

तेव्हापासून रोज त्यांचा हात धरून म्हणते, "आबा, जावा आता घरी." ते माझीच समजूत काढतात. "हितनं म्हनून काय उपेग, पोरी? म्या तिकडं हाय न्हवं."

मला यातलं काहीही कळत नाही. कुणाकडे शास्त्रीय कारण असेल तर खुशाल सांगा, मी वाद घालणार नाही. मी स्वतःच परत जाणार होते, पण माझ्या व्हिसाचं अजून काही होत नाहीये. तुमच्यापैकी कुणी प्रागला जाणार असाल, तर एवढं कराच. चढाची दगडी गल्ली आहे, हिरवं दार, वर लोखंडी मासा. लोक वेड्यात काढतील, काढू देत. तिथं उभं राहून मोठ्यानं, मराठीतच म्हणा — "आबा, शुभी पोचली. जावा आता घरी."

जरा लवकर जमलं तर बघा. ते गडावर गेले तेव्हा त्यांच्या अंगात नुसती बंडी होती.