जांभळा कोबी ओकलेली अळी

प्रयोगशाळेत त्यांना सगळे अळीकाका म्हणत. बावीस वर्षं त्यांनी अळ्या वाढवल्या. डबे धुवायचे, कोबीची पानं पुसून घालायची, लेंड्या झाडायच्या. बायको म्हणायची, घरच्यांपेक्षा त्या लेकरांचेच लाड जास्त. एरवी काका हसायचे, पण त्या आठवड्यात हसू येईना. शुक्रवारपर्यंत प्रयोग साधला नाही तर अळ्यांची खोली बंद, असं साहेबांनी बजावलं होतं.

प्रयोग नव्या बाईंचा. त्या आधी माणसांच्या पोटाचा अभ्यास करून आलेल्या. अळीच्या आतड्यातला पाचकरस त्या आंबट पाण्यात मिसळायच्या आणि थेंब जुन्या एक्स-रे फिल्मवर ठेवायच्या. रसाने फिल्मवरचा जिलेटिनचा थर पचवला, की तिथे काचेसारखी खिडकी पडते म्हणे. पण खिडकी सोडा, साधा ओरखडा उठेना. अळ्याच आजारी असतील, असं बाई बोलून गेल्या. काकांना ते फार झोंबलं. दिवसाला टोपलीभर पानं फस्त करणारी जात आजारी कशी?

गुरुवारी हिरवा कोबी मिळेना, म्हणून काकांनी जांभळा आणला. आता गंमत ऐका. डबा बदलताना एका अळीला चिमटा जरा जोरात लागला आणि ती रागाने पांढऱ्या फडक्यावर ओकली. ओकारी चक्क निळीहिरवी! काका जागीच थबकले. हा रंग त्यांनी घरच्या मोरीत पाहिला होता. जांभळ्या कोबीच्या पाण्यात धुण्याचा सोडा पडला की अस्सा होतो. लिंबू पिळलं तर लालबुंद.

फडकं घेऊन काका जिना चढले ते दोन-दोन पायऱ्या टाकत.

"बाई, हिच्या पोटात आंबट काही नाहीच, सोडा आहे सोडा. तुम्ही रसाला माणसाच्या पोटात कामाला लावलंत. तो कशाला हात हलवेल?"

बाईंनी फडक्यावर लिटमस टेकवला. तांबडा कागद निळा झाला, तसा त्यांनी कपाळावर हात मारला.

लगेच सोड्यासारखं अल्कधर्मी पाणी तयार झालं. त्यात रस मिसळून थेंब फिल्मवर ठेवला, शेजारी जुना आंबट थेंबही. वीस मिनिटं दोघं फिल्मवर वाकून बसले, चहा निवून गेला. नळाखाली फिल्म धुतली आणि बोटाच्या टोकाएवढी स्वच्छ खिडकी लखलखली. आंबट थेंबाखालची फिल्म मात्र होती तशीच, कोरडी पाषाण.

शुक्रवारी साहेबांनी फिल्म उजेडासमोर धरली. काकांचा जीव टांगणीला.

"खोलीत अजून किती डबे मावतील?" साहेबांनी विचारलं.

"तुम्ही म्हणाल तितके मावतील," काका म्हणाले, आणि मोजायलाही न थांबता खाली पळाले.