बाबांनी शेवटचा नंबर मागितला

बारावीच्या परीक्षेला आठ दिवस राहिले होते, तेव्हा वसमतजवळच्या आमच्या गावात एक गंमत झाली. गंमत असं आज म्हणतेय... तेव्हा मी दोन दिवस बाबांशी बोलले नव्हते.

गोष्ट नव्वदच्या दशकातली. चार घरांनी मिळून हळद शिजवायची एक कढई भाड्याने आणायची आणि नंबर लावून वापरायची, अशी आमच्याकडची पद्धत. ज्याचा नंबर, त्याच्या घरातल्या सगळ्यांनी चार दिवस शेतात राबायचं. आमच्या घरात माणसं तीन, त्यातली एक मी.

आणि कढई येणार होती नेमकी इंग्रजीच्या पेपरच्या दिवशी. नापास झाले तर पुढचं ठरलेलं होतं... आत्याने स्थळ बघून ठेवलं होतं, मुलाचा फोटोसुद्धा आमच्या फळीवर येऊन बसला होता. म्हणून आम्हाला नंबर हवा होता शेवटचा.

तसं यात अवघड काही नव्हतं. काढलेली हळद पडून राहिली की खराब होते, त्यामुळे दरवर्षी भांडण व्हायचं ते पहिल्या नंबरासाठी. बाबा बैठकीत गेले आणि सरळ म्हणाले, "पोरीची परीक्षा हाय, आमाला शेवटी ठेवा."

शेजारचे सोपानकाका म्हणजे दुकानातून मीठ आणलं तरी चाखून बघणारा माणूस. त्यांच्या मनात आलं, शेवटचा नंबर कुणी आपणहून मागतं का... याला मोंढ्याच्या बाजारातली काहीतरी खबर असणार, भाव मागून चढणार असणार.

त्यांनी तिथल्या तिथे गंगाधरमामांना आपल्या बाजूला ओढलं. मामांचा आवाज मोठा, फक्त मुद्दा दुसऱ्याने पुरवावा लागायचा. चौथे कोंडबाआबा, ते जो सगळ्यात शेवटी बोलेल त्याचे. अर्ध्या तासात तिघांनाही शेवटचाच नंबर हवा झाला आणि पहिला बाबांच्या गळ्यात पडला.

बाबा घरी येऊन नुसते बसून राहिले. थोडं गोल गोल बोलायला काय जात होतं यांचं... मला इतका राग आला की मी पुस्तक घेऊन मागच्या दारी जाऊन बसले.

आईने दोन दिवस हे बघितलं. तिसऱ्या दिवशी डोक्यावर पदर घेऊन ती सोपानकाकांच्या ओट्यापाशी गेली आणि चार घरांना ऐकू जाईल असं म्हणाली, "लई बरं केलं भाऊ. आमाला पैलाच नंबर पायजे होता. आता तेवढा बदलू नका."

संध्याकाळी पुन्हा बैठक. काकांनी पहिला नंबर स्वतःकडे घेतला, मामांनी आवाज चढवून दुसरा मिळवला, आबांनी दोघांनाही मान डोलावली. आम्हाला शिक्षा म्हणून शेवटी टाकलं. आईने घराचं दार लागेपर्यंत तोंड पाडून ठेवलं होतं.

शेवटचा पेपर देऊन एसटीने आले ती तडक शेतात गेले. बघते तर कढई पेटलेली, आणि काका, मामा, आबा तिघंही तिथे... जाळ कुणी घालायचा यावरून वाद घालत. सोपानकाकांनी सकाळी मला वसमतच्या स्टँडवर परीक्षेचं पॅड घेऊन उभं बघितलं होतं, आणि दोघांना घेऊन ते आमच्या शेतात आले होते.

वर बाबांवरच चिडलेले. "लेकराची परीक्षा होती तर आदी सांगायचं न्हाई का?"

"पैल्याच दिवशी सांगितलं की," बाबा म्हणाले.

"व्हय, सांगितलं. पण आमाला वाटलं, बहाणा करून राहिले."

इंग्रजीत काठावर पास झाले. आत्या फोटो घेऊन गेली. पुढे शिकले, नोकरी लागली, आणि ऑफिसात काही पटवून द्यायचं असलं की आज सगळे मलाच पुढे करतात. आईवर गेली आहे, असं घरचे म्हणतात.

पण माझ्यासाठी पहिल्याच मिनिटाला खरं सांगून टाकणारा माणूस दुसराच होता, आणि मी रुसले त्याच्यावरच. बाबा आता मोबाईलवर सगळं वाचतात, हेही वाचतील... बाबा, त्या दोन दिवसांसाठी सॉरी.